मुरी आणि मोरी

मी आयुष्यात एकाच माणसाचं वाटोळं केलं आहे आणि त्यासाठी मला जागचं हलावंही लागलं नाही. बोटीवर बसल्या बसल्या एका शब्दाचा अर्थ चुकीचा सांगितला, झालं. ज्याचं केलं तो काही संत नव्हता. मी तर नव्हतेच नव्हते. आता लिहायला बसलेच आहे तर सगळं लिहिते. स्वतःला सावरून घेत लिहायचं तर मग ऑफिसच्या ईमेलच लिहीत बसले असते की.

दोन हजारच्या दशकात पुण्यात जपानी येणाऱ्या पोरींना फार भाव होता. कंपन्यांना टोकियोची कामं मिळत होती आणि इंजिनीयर लोकांना 'सायोनारा'च्या पुढे काही येत नव्हतं. मी मालवणकडची, शिकायला पुण्यात आलेली. कॉमर्स करता करता जपानीच्या परीक्षा देत गेले आणि दुसरी पातळी पास झाल्याबरोबर एका कंपनीनं मला उचललं नि टोकियोला नेऊन टाकलं. आठ इंजिनीयर, त्यांच्यावर एक लीड आणि मी. मी आणि बाकीची पोरं फुनाबोरीत राहायचो, आणि आमचा लीड त्याच्या बायकोमुलीसह हिगाशी-कसाईत, कंपनीनं भाड्यानं घेतलेल्या फ्लॅटमध्ये.

हा लीड म्हणजे अस्सल पुणेरी. माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठा. तोंडावर मी त्याला 'सर' आणि 'तुम्ही' म्हणायचे. मनात 'तो' म्हणायचे, तेच इथे लिहिते. अंड्याचा केकसुद्धा न खाणारा. कामात चोख, वेळेला पक्का, आणि बोलायला असा की कोकणी माणसाचं डोकं दोन मिनिटांत तापावं. पहिल्याच दिवशी त्यानं मला समज दिली. "हे बघ, तू इथे टेपरेकॉर्डर आहेस. ते बोलतील ते मला सांगायचं, मी बोलेन ते त्यांना सांगायचं. टेप स्वतःचं डोकं लावत नाही."

मी म्हटलं, "हो सर." मनात काय म्हटलं ते मालवणीत होतं, ते राहू दे.

मग तो डब्याचा प्रकार झाला. गणपती होऊन गेले होते. आईनं पार्सलातून सुकी सुंगटं पाठवली होती, सुकी कोळंबी म्हणा हवं तर. मी ती भाजून, वर ओलं खोबरं, कांदा, कोकमाचं आगळ घालून झकास किसमूर केली आणि भाताबरोबर ऑफिसला नेली. परदेशात खोबरं किसायचं म्हणजे काय कटकट असते ते ज्यानं किसलंय त्यालाच ठाऊक. पँट्रीत डबा उघडला, वास सुटला. शेजारच्या टेबलावरची जपानी बाई मान उंचावून बघायला लागली, वास छान आहे म्हणाली. तेवढ्यात हा आत आला.

"ई! काय गं हे!" म्हणत त्यानं दोन बोटांनी नाक दाबलं. "हे क्लायंटचं ऑफिस आहे. आपली काही इज्जत ठेवशील की नाही?"

मला वाटलं, बोलेल आणि जाईल. पण त्यानं माझ्या पुढ्यातला डबा उचलला, कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या डब्यांपाशी गेला, जळणाऱ्या कचऱ्याच्या पिशवीत किसमूर आणि भात पालथा केला आणि रिकामा स्टीलचा डबा न जळणाऱ्या कचऱ्यात टाकला. मग वळून सगळ्यांना म्हणाला, "बघा, नियमाप्रमाणे वेगवेगळं टाकलंय." आठच्या आठ पोरं खो खो हसली. त्यातली दोन तर रोज माझ्याकडे येऊन मासे खाणारी होती.

त्या डब्यावर माझ्या वडिलांचं नाव कोरलेलं होतं. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती. संध्याकाळी सगळे गेल्यावर मी त्या न जळणाऱ्या कचऱ्यात कोपरापर्यंत हात घालून डबा शोधून काढला, धुतला आणि घरी नेला. रडले नाही. दात आवळून बसले. त्या दिवसापासून मी टेपरेकॉर्डरच झाले. त्यानं शिकवलं तसं, अक्षर न् अक्षर.

नोव्हेंबरात त्याचे ग्रह फिरले. आमचं कंत्राट डिसेंबरअखेर संपत होतं आणि क्लायंटचा विभागप्रमुख पुढच्या टप्प्यासाठी एकच लीड ठेवणार होता. आमचा, नाहीतर दुसऱ्या कंपनीचा. या विभागप्रमुखाला जपानीत 'बुचो' म्हणतात. आम्ही आपसांत त्याला 'बूच' म्हणायचो, कारण ऑफिसात त्याचं तोंड उघडतच नसे. पण लीडच्या घरी वहिनींना सहावा महिना संपत आला होता. आधीची एक खेप पाचव्या महिन्यात वाया गेलेली. हिगाशी-कसाईच्या डॉक्टरणीनं त्यांना पडून राहायला सांगितलं होतं आणि विमानप्रवास तर अजिबात नाही म्हणून बजावलं होतं. हे मला पक्कं माहीत आहे, कारण त्या डॉक्टरणीचं बोलणं वहिनींना मराठीत मीच सांगितलं होतं. कंत्राट वाढलं तर घर राहणार, व्हिसा राहणार, बाळंतपण तिथेच नीट होणार. नाही वाढलं तर ते कुटुंब डिसेंबरात उचलून भारतात. सगळं त्या बुचाच्या एका 'हो'वर अडलं होतं.

अशात बुचोनं आम्हा दोघांना मासेमारीला बोलावलं. त्याला हिरामेचं वेड होतं. हिरामे म्हणजे आमच्याकडच्या लेपीच्या गोतातला चपटा मासा, दोन्ही डोळे एकाच बाजूला, पण आकारानं परातीएवढा. ऑफिसातले लोक म्हणायचे, बुचो टेबलावर बोलत नाही, बोटीवर बोलतो. तेव्हा हे आमंत्रण कशासाठी आहे ते कळायला कुणी ज्योतिषी नको होता.

जायच्या आदल्या दिवशी लीड माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. आवाज खाली आणून म्हणाला, "उद्या जरा सांभाळून घे गं. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. ते काय बोलतात, कशानं खूश होतात... जरा डोकं लावून सांग मला."

"टेप डोकं लावत नाही ना सर?" मी म्हणाले.

तो ओशाळं हसला. "अगं, ते जाऊ दे. हिची अवस्था तू बघतेस ना?"

मी म्हणाले, "काळजी करू नका." तेव्हा मी खरंच काही ठरवलं नव्हतं. हे मी देवाशपथ सांगेन, पण देवानं तरी का ऐकावं?

पहाटे पाचला चिबाच्या टोकाच्या एका बंदरातून बोट सुटली. कडाक्याची थंडी. आमच्याशिवाय पाचसहा हौशी म्हातारे होते, प्रत्येकाच्या पुढ्यात एक बादली, तिच्यात समुद्राचं पाणी नळीनं सतत येत राहतं आणि जास्तीचं पाणी बोटीच्या कडेच्या भोकातून बाहेर जातं. नदीच्या मुखापलीकडे दुसऱ्या प्रांताचं पाणी लागतं. अलीकडे हिरामे धरायला अजून बंदी होती, पलीकडची बंदी नुकतीच उठली होती, त्यामुळे बोटवाल्यानं हद्द ओलांडेपर्यंत कुणाला गळ टाकू दिला नाही. मग भोंग्यावरून ओरडला, "आली हद्द, सोडा." सगळ्या म्हाताऱ्यांनी एकदम गळ सोडले.

इथली रीत अशी. आमिष म्हणून जिवंत तारली, ती छोटी रुपेरी मासळी, लावायची. एक गळ तिच्या नाकातून, दुसरा पाठीत. हातात फार वेळ धरायची नाही, हाताच्या उबेनं ती मरते, आणि मेलेल्या तारलीकडे हिरामे बघत नाही. तिला खाली तळाशी सोडायची. हिरामे जवळ आला की ती घाबरून तडफडते आणि तिची ती तडफड दोरीतून आपल्या बोटांना कळते. मग तो तिला धरतो. पण एकदम गिळत नाही, चघळत बसतो. तेव्हा ओढलं तर हातात फक्त अर्धी तारली येते. म्हणून चाळीसपर्यंत मोजायचं. तारली त्याच्या तोंडात, अजून जिवंत, आणि आपण वर बसून शांतपणे मोजायचं. चाळीस हा आकडा ज्यानं काढला त्यानं तारलीला विचारलं नसणार.

मी मधे, माझ्या उजवीकडे बुचो, डावीकडे लीड. पहिल्या अर्ध्या तासात लीडनं दोनदा बोटीबाहेर मान काढून पोट मोकळं केलं. तारलीला हात लावायचं त्याच्या जिवावर आलं होतं. ती बोटांत वळवळली की हा डोळे मिटून घ्यायचा आणि पुटपुटायचा. एकदा ऐकू आलं, तिची क्षमा मागत होता. बुचो हे सगळं तिरक्या नजरेनं बघत होता. माझ्याबद्दल म्हणाल तर मला मजा वाटत होती. किसमूर फेकताना कसा ऐटीत होता, आणि आता बघा म्हणावं!

मासे मलाच लागायला हवे होते. माशांत वाढलेली मी. पण माझ्यात दम नाही. दोरी थरथरली की दहा-बाराला माझा हात आपोआप ओढायचा आणि वर यायची कुरतडलेली तारली. एक नाही, तीन वेळा. आणि हा बावळट मोजायचा! डोळे मिटून, ओठ हलवत, मराठीत, "सदतीस, अडतीस, एकोणचाळीस..." नियम म्हणजे नियम. चाळीसला त्यानं ओढलं आणि दांडी अशी वाकली की बोटवाला जाळं घेऊन धावत आला. वर आला तो बोटीवरचा त्या दिवसातला सगळ्यात मोठा हिरामे. म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. बुचोनं लीडच्या पाठीवर थाप मारली आणि मी त्याला पहिल्यांदाच दात दाखवून हसताना बघितलं.

मी जळले. दुसरा शब्द नाही त्याला.

हिरामे बादलीत आपटत होता, पाणी उडवत होता. असा मासा धरला की लगेच कल्ल्यापाशी आणि शेपटीपाशी सुरी घालून त्याचं रक्त काढतात, म्हणजे मांस चांगलं राहतं. बहुतेकांचं ते काम बोटवालाच करतो. लीड त्या माशाकडे बघत होता आणि त्याचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला होता. बुचोला ते दिसलं. तो माझ्यापुढून वाकून थेट त्यालाच म्हणाला, "मुरी शिनाकुते ईई." त्याला कळलं नाही असं बघून पुन्हा सावकाश म्हणाला, "मुरी शिनाकुते ईई."

मुरी म्हणजे जमत नसताना ओढूनताणून केलेली गोष्ट. बुचो म्हणत होता, जमत नसेल तर करू नका, काही बिघडत नाही.

मग तो माझ्याकडे वळला आणि अख्ख्या वर्षात बोलला नव्हता तेवढं एका दमात बोलला. "सांगा त्यांना. ते मांस खात नाहीत हे मला माहीत आहे. नाही म्हणाले तर मला आनंदच होईल. तुमची माणसं कशालाच नाही म्हणत नाहीत. तारीख जमणार नसली तरी 'नो प्रॉब्लेम' म्हणतात आणि शेवटच्या दिवशी मला कळतं. जमत नाही असं तोंडावर सांगणारा माणूस मला पुढच्या टप्प्यावर हवा आहे. यांच्यात तो आहे का, तेवढंच मला बघायचंय."

म्हणजे परीक्षेचा पेपर त्यानं स्वतःच फोडला होता आणि उत्तर माझ्या हातात दिलं होतं. मी ते फक्त डावीकडे द्यायचं होतं.

लीड माझ्या कानाशी आला. "काय गं? काय म्हणतायत? मोरी? मोरी म्हणाले ना दोनदा?"

आता बघा, मोरी म्हटलं की आमच्या मालवणात मासा, छोटा शार्क. पुण्याच्या माणसाला मोरी म्हटलं की न्हाणीघरातली सांडपाण्याची जागा. मला आधी खरोखरच हसू आलं. तो बोटीच्या कडेच्या त्या भोकाकडे बोट दाखवत होता, पाणी जात होतं तिकडे. "तिथे? मोरीत? रक्त मोरीत सोडायचं का?"

मी काहीच रचलं नव्हतं. त्यानंच ते माझ्या हातात आणून दिलं. मला फक्त 'नाही' म्हणायचं होतं.

"हो," मी म्हणाले. "ज्यानं धरला त्यानंच कापायचा आणि रक्त मोरीत सोडायचं, अशी इथली रीत आहे. तुम्ही कापाल का, असं विचारतायत."

"मीच?"

"तुम्हीच. पुढचं सगळं त्यावर आहे म्हणतायत."

त्यानं एकदा समुद्राकडे बघितलं. मग म्हणाला, "सांग त्यांना, नो प्रॉब्लेम."

मी बुचोकडे वळून म्हणाले, "दाइजोबु म्हणतायत. काही अडचण नाही. त्यांना स्वतःलाच करायचंय."

बुचोच्या कपाळावर आठी आली. "खरंच?"

"खरंच."

बोटवाल्यानं त्याच्या हातात सुरी दिली. मला ते बघायचं होतं आणि मी बघितलं. त्याला सुरी कुठे घालायची ते माहीत नव्हतं. पहिल्यांदा ती घसरली, दुसऱ्यांदा डोळ्याजवळ लागली, मासा उसळला आणि त्याच्या अंगावर शेपटी आपटली. मला कसं मारायचं ते माहीत होतं. लहानपणापासून येत होतं. एका शब्दात सांगितलं असतं तर माशाचे तरी हाल वाचले असते. मी गप्प बसले. चौथ्या-पाचव्या वेळी जमलं. तो गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी मासा त्या भोकावर धरून राहिला, रक्त जाईपर्यंत. मनगटापर्यंत लाल, आणि तोंडावर हसू. क्लायंट बघतोय म्हणून ठेवलेलं हसू. तसं हसू मी पुन्हा कुणाच्या तोंडावर बघितलं नाही.

एवढ्यावरही माझं भागलं नाही. बंदरावर परतल्यावर बोटवाल्यानं त्याच माशाचे पातळ काप करून बशीत मांडले. बुचोनं बशी माझ्यापुढे सरकवली आणि लीडसाठी स्वतः उठून मशीनमधून गरम चहाचा डबा आणून दिला. त्यावरून कुणालाही कळलं असतं. मी लीडला म्हणाले, "पहिला घास धरणाऱ्याचा असतो."

"कच्चा?"

"कच्चाच."

त्यानं खाल्ला. चावला नाही, गोळी गिळावी तसा गिळला आणि वरून चहा प्यायला. "ओइशी," म्हणाला, म्हणजे चवदार. त्याला तेवढा शब्द येत होता. बुचोनं हातातल्या खायच्या काड्या खाली ठेवल्या. येताना गाडीत तो एक अक्षर बोलला नाही. लीड मागच्या सीटवरून मला हळूच विचारत राहिला, "बरं झालं ना सगळं? खूश वाटले ना?" मी म्हणाले, "एकदम."

सोमवारी बुचोनं आम्हा दोघांना खोलीत बोलावलं. तो म्हणाला, आणि हे मी शब्दन्‌शब्द सांगू शकते, "जो माणूस स्वतःच्या धर्माबद्दल, स्वतःच्या जिभेबद्दल नाही म्हणू शकत नाही, तो माझ्या तारखांबद्दल नाही कसा म्हणेल? मला भीती वाटते अशा माणसाची. क्षमा करा. पुढच्या टप्प्यावर मी दुसऱ्या कंपनीचा लीड घेतोय." आणि खाली मान घालून वाकला.

लीड माझ्याकडे बघत होता. मला अजूनही सांगता आलं असतं. तेव्हा सांगितलं असतं तर कदाचित उलटलंही असतं. माझी नोकरी गेली असती, वाट्टेल ते झालं असतं, पण उलटलं असतं. मी म्हणाले, "बजेट नाही म्हणतायत. तुमचं काम आवडलं. बोटीवरचंही फार आवडलं."

तो उठून बुचोला वाकून धन्यवाद म्हणाला.

डॉक्टरणीनं नको नको म्हटलं तरी विमान कंपनी घेईल तोवर निघणं भाग होतं. वहिनी आणि पाच वर्षांची मुलगी डिसेंबरच्या मध्यावर पुढे गेल्या. निघण्याआधी वहिनींनी मला घरी बोलावलं. पलंगावर पडूनच त्यांनी कपाटाकडे बोट केलं, मिसळणाचा डबा, कुकर, पोळपाट, सगळं मला देऊन टाकलं. मुलगी जपानीत विचारत होती, आपण परत कधी येणार, आणि तिच्या आईला ते समजत नव्हतं. मी त्याचंही भाषांतर केलं नाही. वहिनी म्हणाल्या, "हे सांगत होते, तू होतीस म्हणून बोटीवर निभावलं. तुझे उपकार आहेत गं आमच्यावर." मी खाली वाकून त्यांच्या पाया पडले. हो, पाया पडले. एवढं नाटक मला जमत होतं.

पुण्यात उतरल्यावर पाचव्या दिवशी त्या बाळंत झाल्या. मुलगा झाला. तीन दिवस जगला. लीड तेव्हा टोकियोतच होता, नव्या लोकांसाठी कामाची कागदपत्रं लिहून देत. तो लिहायचा, मी जपानीत करायचे. फोन आला तेव्हा मी त्याच्या शेजारी बसले होते. त्यानं फोन ठेवला, पान पूर्ण केलं, सेव्ह केलं आणि मगच उठला.

विमानामुळेच झालं असं कुठलाही डॉक्टर छातीठोकपणे म्हणाला नाही. हे वाक्य मी बरीच वर्षं उशाशी घेऊन झोपले. आता त्याचा उपयोग होत नाही.

मला मात्र पुढच्या टप्प्यावर ठेवलं. बुचो म्हणाला, तुमचं भाषांतर विश्वासाचं असतं. त्यानंतर मी सात वर्षं जपानात राहिले, वहिनींच्या कुकरात भात लावत.

परत पुण्यात आल्यावर मी सुट्या दुभाष्याची कामं घ्यायला लागले. एकदा एका कंपनीत जपानी पाहुण्यांसाठी गेले तर टेबलाच्या पलीकडे तो. केस पांढरे, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, मोठा हुद्दा. मला बघून नमस्कार केला, जणू गेल्या आठवड्यातच भेटलो होतो. बैठक सुरू झाली. मध्येच एका तांत्रिक शब्दावर मी अडखळले, दोनदा प्रयत्न केला, जमेना. आणि टेबलापलीकडून, स्वच्छ जपानीत, हसून, तो मला म्हणाला, "मुरी शिनाकुते ईई देसु यो." आणि पुढचं वाक्य त्यानंच पुरं केलं. पाहुण्यांनी त्याच्या जपानीचं कौतुक केलं.

मधल्या सुट्टीत तो कॉफीच्या मशीनपाशी माझ्याजवळ आला.

"परत आल्यावर क्लास लावला," तो म्हणाला. "म्हटलं, पुन्हा कुणावर अवलंबून राहायला नको. दुसऱ्या वर्षी हे वाक्य धड्यात आलं. बाईंनी फळ्यावर लिहिलं आणि वाचून दाखवलं. माझ्या कानात ते तसंच्या तसं होतं, त्या माणसाच्या आवाजात. घरी गेलो आणि मोरीत बसून ओकलो. आमच्या मोरीत."

मी माझ्या कपातली साखर ढवळत राहिले.

"हिला सांगितलेलं नाही," तो म्हणाला. "ही अजून दर दिवाळीला तुझं नाव काढते, त्या मुलीनं किती केलं आपल्यासाठी, म्हणते. सांगून काय करू? तिच्याकडे त्या दिवसांतलं चांगलं म्हणावं असं तेवढंच एक आहे." मग त्यानं कप खाली ठेवला. आवाज चढवला नाही, उलट खाली आणला, त्या दिवशी टेबलाशी येऊन सांभाळून घे म्हणाला होता तसा. "फक्त एक सांग मला. मी तुझं काय केलं होतं?"

इतकी वर्षं मी या प्रश्नाचं उत्तर तयार ठेवलं होतं. घोळवून, धार लावून ठेवलं होतं.

"माझा डबा," मी म्हणाले. "सुंगटांचा. तुम्ही कचऱ्यात टाकलात. सगळ्यांसमोर."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्यानं आठवायला सुरुवात केली. अगदी मनापासून, कपाळाला आठ्या घालून, बराच वेळ.

"कुठला डबा?" त्यानं विचारलं.